श्वार्त्सवाल्डची गावे खिडकीतून पाहू नयेत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की बहुतेक सर्व मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत युरोपच्या सहलींवरील लेख येऊ लागतात. त्यांत डोंगर, जंगल आणि उतरत्या छपरांची घरे आली की वर्णन ‘चित्रातल्यासारखे गाव’ या शब्दांपाशी थांबते आणि लेखक पुढच्या देशाकडे वळतो. मी वन खात्यात एकतीस वर्षे नोकरी करून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये मी आणि शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली माझी पत्नी, असे आम्ही दोघे भाड्याची लहान मोटार घेऊन जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील श्वार्त्सवाल्डमध्ये, म्हणजे आपल्याकडे ब्लॅक फॉरेस्ट या इंग्रजी नावाने माहीत असलेल्या डोंगराळ जंगलात, नऊ दिवस फिरलो. तेथील गावांचे देखणेपण लाकूडतोडीने, शेतीने, कायद्याने आणि वारसाहक्काच्या एका कठोर रिवाजाने घडवलेले आहे, आणि आजही ते रोजच्या कष्टाने राखले जाते. एवढे जरी वाचकाला आधी कळले, तरी तो तेथे वेगळ्या नजरेने आणि सावकाश फिरेल, असे मला मनापासून वाटते. म्हणून पत्र थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

याच जंगलाला आम्ही सात वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर ओझरते भेटलो होतो. बारा दिवसांत आठ देश अशी ती सहल होती. टिटिझे तलावापाशी बस थांबली, पन्नास मिनिटे मिळाली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक घड्याळांच्या एका दुकानात गेली. समोर जंगलाची काळसर भिंत उभी होती, पण तिच्या आत काय आहे हे विचारायला वेळही नव्हता आणि सांगायला कोणी नव्हते. बसमध्ये चढताना पत्नी म्हणाली, “अहो, तुम्ही जंगलातला माणूस, आणि एका झाडाला हात न लावता निघालात.” ते शब्द मला लागले होते. पुढे मुलगी नोकरीसाठी श्टुटगार्टला गेली (हे शहर १९६८पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे आणि मोटार उद्योगामुळे तेथे मराठी कुटुंबेही आहेत), तेव्हा तिच्या घरापासून दीड-दोन तासांवर असलेल्या त्या जंगलात आपण दोघांनीच जायचे, असे आम्ही ठरवले.

परदेशात गाडी चालवण्याची धास्ती आपल्या वयाच्या अनेकांना वाटते, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो. आपल्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मूळ परवान्यासह जवळ असला की पर्यटकाला तेथे गाडी चालवता येते. मोटारींना जर्मनीत पथकर नाही. गावाच्या नावाची पिवळी पाटी हीच वेगमर्यादेचीही पाटी असते. ती ओलांडली की ताशी ५० किलोमीटर, आणि त्याच नावावर तिरकी लाल रेघ दिसली की गाव संपले. रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवण्याची सवय अर्ध्या दिवसात होते. अवघड जातो तो दुसराच नियम: गावातल्या लहान चौकात पाटी किंवा सिग्नल नसेल, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे, मग तुमचा रस्ता कितीही मोठा दिसो. दुसऱ्याच दिवशी मी उजवीकडून येणाऱ्या एका ट्रॅक्टरच्या पुढे गाडी घातली. ट्रॅक्टरवरच्या आजोबांनी ब्रेक दाबला, हाताने उजवी बाजू दाखवली आणि मला जायला सांगितले. त्यानंतर प्रत्येक चौकाला पत्नी “उजवीकडे बघा” म्हणत राहिली, आणि ते योग्यच होते.

बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे डोंगराच्या कण्यावरून जाणारा सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता हा या भागातला सर्वांत प्रसिद्ध मोटार-रस्ता. वाटेत मुमेलझे हा १,०३६ मीटर उंचीवरचा लहानसा काळा तलाव आणि त्याच्यावर होर्निसग्रिंडे हे १,१६४ मीटरचे शिखर लागते. उंचीने हे सारे आपल्या महाबळेश्वराहून खालीच. बहुतेक प्रवासी तलावाकाठी कॉफी घेऊन तासाभरात पुढे निघतात. आम्ही मात्र याच रस्त्यावर लोथार-वाट नावाच्या जागी अर्धा दिवस थांबलो, आणि माझ्यासाठी सगळ्या प्रवासाचा अर्थ तेथेच बदलला.

२६ डिसेंबर १९९९ रोजी लोथार नावाचे वादळ या डोंगरावर आले. श्वार्त्सवाल्ड ज्यात येते त्या एका बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातच सुमारे ३ कोटी घनमीटर लाकूड त्याने काही तासांत आडवे केले. माझ्या नोकरीत वाऱ्याने पडलेले झाड म्हणजे मोजमाप, हातोड्याची खूण, विक्री आगाराकडे वाहतूक आणि लिलाव, असा क्रम ठरलेला होता. पडझडीचे लाकूड दोन पावसाळे जागेवर राहिले तर खुलासा द्यावा लागे. तेथेही बहुतेक लाकूड उचललेच गेले, पण सुमारे १० हेक्टरचा एक तुकडा मुद्दाम जसाच्या तसा सोडला गेला आणि त्यातून ८०० मीटरची लाकडी पायवाट, कुठे शिड्या, कुठे फळ्या, अशी बांधली गेली. आज त्या पायवाटेवरून चालताना पायाखाली करड्या पडलेल्या, शेवाळलेल्या खोडांचा ढीग दिसतो आणि त्या खोडांतूनच उगवलेले बर्च आणि स्प्रूस, फर या सूचिपर्णी झाडांचे नवे जंगल डोक्यावरून गेलेले असते. एकही रोप कोणी लावलेले नाही. एका कुजक्या ओंडक्यावर स्प्रूसची सात बोटभर रोपे ओळीने उभी होती, जणू कोणी वाफ्यात पेरली आहेत. मी आयुष्यभर खड्डे मोजून रोपवने उभी केली. ती रोपे पाहताना मी बराच वेळ उकिडवा बसून राहिलो.

पण एवढ्यावरून तेथे सगळे निसर्गावर सोडले आहे, असे समजणे चूक ठरेल. २०१४मध्ये याच भागात सुमारे १०,००० हेक्टरचे राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा त्याला सर्वांत मोठा विरोध आसपासच्या गावांनीच केला होता. त्याच्या आदल्या वर्षी सात गावांनी आपल्या पातळीवर मतदान घेऊन उद्यान नको, असा कौल दिला. त्यांची भीती पोकळ नव्हती. स्प्रूसच्या सालीखाली राहणारा एक भुंगा दुबळ्या झालेल्या किंवा नुकत्याच पडलेल्या झाडांत वाढतो आणि मग शेजारच्या उभ्या झाडांवर जातो. उद्यानात त्याला मोकळे सोडले तर शेतकऱ्याच्या मालकीचे रान त्याच्या तोंडी जाणार. म्हणून उद्यानाच्या कडेने ५०० मीटरचा पट्टा राखला जातो, जेथे लागण झालेले झाड शोधून ताबडतोब काढले जाते. बायर्सब्रोन गावाजवळ एका जंगलवाटेच्या तोंडाशी आम्ही गाडी लावली, तर पाचच मिनिटांत एक वनकामगार आला आणि ओंडक्यांची मालमोटार येथूनच वळते, गाडी पुढे घ्या, असे त्याने शांतपणे सांगितले. मी वन खात्यातला, हे खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत कळल्यावर त्याने रचलेल्या थप्पीतल्या एका ओंडक्याची साल सोलून माझ्या हातावर ठेवली. आतल्या बाजूला एक उभी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना फुटलेल्या बारीक समांतर रेघा होत्या, छापलेल्या पानासारख्या. या किड्याचे जर्मन नावच ‘पुस्तक छापणारा’ असे आहे. आपल्या सागावरच्या किडीचा हिशेब मी वर्षानुवर्षे लिहिला आहे, त्यामुळे त्या माणसाच्या चेहऱ्यावरची काळजी मला भाषेशिवाय समजली. २०१८पासून ओळीने आलेल्या कोरड्या उन्हाळ्यांनी जर्मनीभर स्प्रूसची किती हानी केली, हे तेथे कोणीही सांगतो.

आणि मुळात येथे एवढा स्प्रूस आला कोठून? या डोंगरांवरचे जुने जंगल रुंद पानांचा बीच आणि फर यांचे मिश्र होते. किंत्सिग नदीच्या खोऱ्यातील शिल्टाख आणि वोल्फाख या गावांतले लोक शतकानुशतके उंच फर तोडून त्यांचे लांबच लांब तराफे बांधत, ते नदीतून ऱ्हाईनमध्ये आणि तेथून थेट नेदरलँड्सपर्यंत नेत. ॲम्स्टरडॅमच्या दलदलीत घरांच्या पायाखाली ठोकलेल्या खांबांत या डोंगरांचे लाकूड आहे. त्याखेरीज काचेच्या भट्ट्या, कोळसा आणि खाणी यांनी जे उरले ते खाल्ले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उतारच्या उतार उघडे पडले होते. मग भराभर वाढणारा स्प्रूस लावला गेला. आज प्रवासी ज्या घनदाट हिरव्या अंधाराचे फोटो काढतात त्याचा मोठा भाग म्हणजे माणसाने लावलेले रोपवन आहे. तराफ्यांची कला आज धंद्यात उरलेली नाही, पण शिल्टाखमध्ये जुन्या करवतीच्या गिरणीत तिचे संग्रहालय आहे, आणि युनेस्कोने २०२२मध्ये जर्मनीसह सहा देशांच्या या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

सगळीकडे मात्र सरसकट तोड आणि लागवड झाली नाही. शेतकऱ्यांच्या खाजगी रानांत एक जुनी पद्धत टिकली, जिला ते प्लेंटरवाल्ड म्हणतात. आपल्या वन खात्याच्या भाषेत ही निवड तोड. एकाच जागी वीतभर रोपापासून दीडशे वर्षांच्या झाडापर्यंत सर्व वयाची झाडे उभी असतात, आणि शेतकरी फक्त पक्व झालेले एखादे झाड काढतो, जेणेकरून खालच्या फरला उजेड मिळावा. मुलीचे लग्न, जळालेले छप्पर, नवे यंत्र, अशा खर्चाच्या वेळी रानातून चार झाडे निघत. रान हीच त्याची बँक. अशा एका रानात मी उभा राहिलो तेव्हा तोड झाल्याची जागा मला शोधूनही पटकन सापडेना, आणि हे मी या कामातल्या माणसाची सर्वांत मोठी पावती म्हणून लिहितो आहे.

आता घरांकडे येतो. गूटाख येथे १९६४पासून एक खुले संग्रहालय आहे, आणि त्यात १६१२ साली बांधलेला एक शेतकरीवाडा मूळ जागेवरच उभा आहे. छप्पर एवढे मोठे की जवळजवळ जमिनीला टेकते. त्याच्याखाली एकाच घरात गोठा, माणसांच्या खोल्या आणि वरच्या माळ्यावर वर्षाचे गवत. घर उताराला टेकवून बांधलेले असल्याने गवताची गाडी मागून थेट माळ्यावर जाते. स्वयंपाकघराला धुराडे नाही. धूर छताखाली फिरून मांस वाळवतो, लाकडाला कीड लागू देत नाही आणि बाहेर पडतो. पत्नीला तिच्या आजोळची, कोकणातल्या माजघराची आणि धुराने काळ्या झालेल्या आढ्याची आठवण आली, आणि ती त्या काळ्या तुळयांकडे पाहत कितीतरी वेळ उभी होती.

एवढे मोठे वाडे टिकले कसे, याचे उत्तर वारसाहक्कात आहे. येथे जमीन वाटली जात नसे. संपूर्ण शेत, रान आणि घर एकाच मुलाला मिळे, आणि अनेक खोऱ्यांत तो सर्वांत धाकटा असे. आईबाप वाड्याजवळच्या लहान घरात जात, आणि त्यांना दरसाल किती धान्य, किती अंडी, किती सरपण द्यायचे हे लिहून घेतले जाई. आपल्याकडे १९४७चा तुकडेबंदीचा कायदा असूनही सातबारावर नावे वाढतच गेली. तेथे तुकडे झाले नाहीत, पण त्याची किंमत बाकीच्या भावंडांनी मोजली. ती त्याच घरात गडी म्हणून राहिली, नाहीतर देश सोडून गेली, किंवा हिवाळ्यात बर्फाने कोंडलेल्या खोलीत बसून लाकडाची घड्याळे करू लागली. पाठीवर चौकट बांधून ती घड्याळे युरोपभर विकणारे फेरीवाले याच गावांतले. म्हणजे ज्या घड्याळाच्या दुकानात आमची पहिली सहल संपली, त्या घड्याळामागे जमीन न मिळालेल्या मुलांची कहाणी आहे, आणि ती दुकानात कोणी सांगितली नाही. १८५०मध्ये फुर्टवांगेनला घड्याळाची शाळा निघाली. तिचे पहिले प्रमुख रॉबर्ट गेर्विग यांनी घड्याळाच्या नव्या आकारांसाठी स्पर्धा ठेवली, आणि वास्तुरचनाकार फ्रीडरिख आयझेनलोर यांनी रेल्वेच्या पहारेकऱ्याच्या घराचा आकार सुचवला. आज जगभर कोकिळेचे घड्याळ म्हणून ओळखला जाणारा आकार तोच. गेर्विग यांनीच पुढे या डोंगरातली रेल्वे बांधली, जी १८७३मध्ये पूर्ण झाली.

प्रवासलेखांतली एक चूकही येथे दुरुस्त करावीशी वाटते. लाल गोंड्यांची टोपी घातलेली स्त्री हे संपूर्ण श्वार्त्सवाल्डचे चिन्ह म्हणून छापले जाते, पण ती टोपी गूटाख आणि शेजारची दोन गावे, एवढ्यांचीच. लाल गोंडे अविवाहितेचे, काळे विवाहितेचे.

मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते दऱ्यांतल्या गवताने. सहलीच्या फोटोत जंगलाच्या मधोमध जी हिरवी मखमल दिसते, तेथे गुरे चरली नाहीत किंवा कोणी विळा-यंत्र फिरवले नाही, तर वीस-तीस वर्षांत झाडे शिरतात आणि गावावर अंधार येतो. लहान शेतकऱ्याला उतारावरचे गवत कापणे परवडत नाही, म्हणून सरकार त्याला त्यासाठी पैसे देते. डोंगरमाथ्यांवर ‘ग्रिंडेन’ नावाची उघडी, ओलसर पठारे आहेत. जुन्या चराईने ती घडली, आणि आज तेथे मुद्दाम हिंटरवेल्डर जातीच्या गाई आणून चारतात. मध्य युरोपातली ही सर्वांत लहान चणीची गाय, उतारावर पाय न घसरणारी. ते माथे पाहताच मला आपल्याकडचे उघड्या कातळाचे सडे आठवले. रिकामी जागा म्हणून तेथे झाडे लावण्याचा आग्रह मी स्वतः ऐकला आहे आणि काही ठिकाणी अमलातही आणला आहे. उघडे ठेवण्यासाठीही राबावे लागते, हे मला पासष्टाव्या वर्षी कळले.

शेवटची गोष्ट माझ्या नोकरीशी जोडलेली आहे. १८६४ साली फ्रायबुर्गमध्ये काही कारखानदार आणि खानावळवाले एकत्र आले आणि लोकांना या डोंगरांची ओळख व्हावी म्हणून त्यांनी संस्था काढली. ती श्वार्त्सवाल्ड संघ म्हणून आजही वाटा आखते. फोर्त्सहाइमहून बाझेलपर्यंतची सुमारे २८५ किलोमीटरची पायवाट तिने १९००मध्ये आखली, आणि झाडांवरची तिची शंकरपाळ्याच्या आकाराची लाल खूण आम्हाला रोज दिसत होती. त्याच १८६४ साली, बॉनचे डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन गृहस्थ हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले. जंगल मोजावे कसे, तोडावे किती, राखावे कसे, हे आमचे सारे शास्त्र त्या वाटेने आले. पण १८७८च्या वन कायद्याने आपल्याकडे राखीव जंगलात पाऊल टाकणे हाच गुन्हा होऊ शकला, आणि जर्मनीत १९७५च्या वनकायद्यात विरंगुळ्यासाठी जंगलात फिरण्यास सर्वांना मुभा आहे, मग ते रान खाजगी मालकीचे का असेना. मी तरुणपणी मोळी घेऊन उतरणाऱ्या बायकांचे कोयते जप्त केले आहेत. त्या काळ्या जंगलात तीन आजीबाई टोपल्यांत अळंबी घेऊन आमच्या शेजारून हसत गेल्या, तेव्हा मला त्या बायका आठवल्या आणि गाडीपाशी येईपर्यंत मी काही बोललो नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे की, एवढ्या लांब गेलात तर एका खोऱ्यात निदान पाच रात्री राहा. शेतकऱ्यांच्या घरांत दोन माणसांना पुरेल अशी स्वयंपाकघरासह जागा भाड्याने मिळते, आणि शाकाहारी माणसाची त्यामुळे उत्तम सोय होते. अनेक गावांत राहणाऱ्या पाहुण्याला यजमान एक कार्ड देतात, ज्यावर त्या भागातल्या बसगाड्या आणि रेल्वे विनामूल्य चालतात. त्याचा खर्च आपण रोज भरतो त्या पाहुणे-करातून जातो. आम्ही पाचव्या दिवसापासून मोटार अंगणात ठेवली आणि बसने फिरलो. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच सामान भरावे. रस्त्याकडेच्या फळीवर अंडी, मध आणि शेजारी पैशांचा डबा दिसला, तर सुटे पैसे जवळ असावेत.

आणि आपल्याला विनंती अशी की, पुरवणीत यापुढे अशा गावांवर लेख घेताना तेथले लोक कशावर जगतात, जंगल कोणाच्या मालकीचे आहे आणि गवत कोण कापते, हे प्रश्न लेखकाला अवश्य विचारावेत. आमच्या मुक्कामांची, रस्त्यांची आणि खर्चाची वही पत्नीने व्यवस्थित लिहून ठेवली आहे. कोणा वाचकाला हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, आम्ही तिची प्रत पाठवू. सालीचा तो तुकडा मात्र मी आणलेला नाही; कीड लागलेली साल देशात आणू नये, हे मीच लोकांना सांगत आलो, त्यामुळे तो त्याच थप्पीवर परत ठेवला.

आपला,
एक निवृत्त वनक्षेत्रपाल, सातारा